बडगामचे सहा तास

१९४७ सालची विजयादशमी २४ ऑक्टोबरला आली. श्रीनगरात महाराजा हरिसिंहांच्या राजवाड्यावर रोषणाई केलेली होती. त्या रात्री ती एकाएकी विझली आणि राजवाड्याबरोबर सारे शहर अंधारात बुडाले. झेलमच्या काठचे महुरा येथील वीजकेंद्र टोळीवाल्यांच्या हाती पडले होते. संकट किती जवळ येऊन ठेपले आहे, याची पहिली खूण श्रीनगरच्या रहिवाशांना त्या अंधाराने पटवली.

दोनच दिवसांपूर्वी, २२ ऑक्टोबरच्या पहाटे, पाकिस्तानच्या पाठबळाने सरहद्दीकडील हजारो सशस्त्र टोळीवाले मालमोटारींतून मुझफ्फराबादेत शिरले होते. तेथून श्रीनगरपर्यंत सरळ रस्ता. संस्थानच्या फौजेचे प्रमुख ब्रिगेडियर राजिंदर सिंह हाताशी लागले तेवढे, सुमारे दीडशे, शिपाई घेऊन निघाले, उरीचा पूल त्यांनी उडवून दिला आणि पाऊल पाऊल लढत प्राण दिला. त्यांनी अडवून धरलेले ते दिवस फार मोलाचे ठरले. पुढे बारामुल्ला पडले. तेथे टोळीवाल्यांची शिस्त सुटली. दुकाने, घरे, पेढ्या लुटल्या गेल्या, ख्रिस्ती जोगिणींच्या रुग्णालयावरसुद्धा हल्ला झाला. लूट घेण्यात ते गुंतले नसते तर श्रीनगर त्याच आठवड्यात गेले असते, असे या युद्धाच्या बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

२६ ऑक्टोबरला महाराजांनी भारतात विलीन होण्याच्या करारावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीहून निघालेली डकोटा विमाने श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरली. त्यांतून पहिली शीख पलटण आली. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय हे त्याच दिवशी बारामुल्लाच्या रस्त्यावर धारातीर्थी पडले.

या साऱ्या हकिकतीत एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे लागते, ती म्हणजे ती धावपट्टी. ती महाराजांच्या लहान विमानांसाठी केलेली, कच्ची आणि धुळीची होती. रात्री विमान उतरवण्याची सोय नव्हती, इंधनाचा साठा नव्हता. पठाणकोटहून जम्मू आणि बनिहाल घाटावरून येणारा रस्ता लांबचा, त्यावरचे पूल कमकुवत, आणि हिवाळा तोंडावर आलेला. म्हणजे शिपाई, काडतुसे, औषधे, पीठ, डाळ, जे काही यायचे ते आकाशातून आणि त्या एकाच पट्टीवर यायचे. ही ने-आण करण्यास हवाई दलाची विमाने पुरेनात म्हणून खासगी कंपन्यांची विमानेही सरकारने कामाला लावली होती. ज्या दुकानाचा सारा माल एकाच वाटेने येतो, त्याच्या मालकाला ती वाट बंद पडण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. धावपट्टी गेली असती तर श्रीनगर गेले असते आणि तोवर उतरलेल्या सैन्यालाही परतीचा मार्ग उरला नसता. श्रीनगर वाचवणाऱ्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर एल. पी. सेन यांनी पुढे या मोहिमेवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच त्यांनी या काळाला बारीक धाग्याची उपमा दिली आहे. त्या धाग्याचे एक टोक दिल्लीला होते आणि दुसरे या धुळीच्या पट्टीला.

बडगाम हे गाव या धावपट्टीपासून अगदी थोड्या मैलांवर आहे.

मेजर सोमनाथ शर्मा यांचे वय त्या वेळी चोवीस वर्षांचे होते. ३१ जानेवारी १९२३ रोजी कांगडा खोऱ्यातील दाढ या गावी त्यांचा जन्म झाला. वडील अमरनाथ शर्मा सैन्यात डॉक्टर होते आणि मेजर जनरल या पदापर्यंत पोहोचले. धाकटे बंधूही सैन्यात गेले. त्यांपैकी विश्वनाथ शर्मा १९८८ मध्ये भारताचे लष्करप्रमुख झाले. बहीणही सैन्यात डॉक्टर झाली. मामा कॅप्टन वासुदेव मलायात जपान्यांशी लढताना मारले गेले होते. एखाद्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच पेढी चालावी तशी या घरात सैनिकी सेवा चालत आली होती.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सोमनाथ एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. याच रेजिमेंटला १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. महायुद्धात ते ब्रह्मदेशातील आराकान आघाडीवर लढले. तेथे ज्या ब्रिगेडमध्ये त्यांची पलटण होती, तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते, आणि इंग्रजी अमदानीत ही गोष्ट सामान्य नव्हती. ते तीन प्रमुख म्हणजे सोमनाथांचे कर्नल थिमय्या, आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात आणि बंगालचे सेन. जानेवारी १९४५ मध्ये कांगॉ येथे झालेल्या घनघोर लढाईत या तिघांनीही पराक्रमाचे पदक मिळवले. थिमय्या पुढे लष्करप्रमुख झाले, थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले, आणि सेन १९४७ च्या नोव्हेंबरात श्रीनगरला त्याच सोमनाथांचे ब्रिगेड कमांडर म्हणून आले. बडगामच्या दिवशी बिनतारी यंत्राच्या दोन टोकांना बोलणारे दोघे जण ब्रह्मदेशातील एकाच रणभूमीतून आलेले होते.

श्रीनगरला जाण्याचा हुकूम आला तेव्हा सोमनाथांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. हॉकी खेळताना तो मोडला होता. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, आणि अशा अवस्थेत अधिकारी मागे राहिला असता तर कोणी बोट दाखवले नसते. परंतु आपली कंपनी जात असता आपण मागे राहायचे हे त्यांना मान्य झाले नाही. त्यांनी आग्रह धरला, परवानगी मिळवली आणि ३१ ऑक्टोबरला चौथ्या कुमाऊँ पलटणीच्या डी कंपनीसह ते श्रीनगरला उतरले.

३ नोव्हेंबरला बडगामच्या बाजूस गस्तीसाठी तीन कंपन्या पाठवण्यात आल्या. टोळीवाले मुख्य रस्ता सोडून आडवाटेने धावपट्टीकडे सरकत आहेत अशा वार्ता होत्या. कंपन्या पहाटेच निघाल्या. सोमनाथांनी बडगामच्या दक्षिणेस जागा धरली, शिपायांनी खंदक खणले. गाव शांत होते. लोक आपापल्या कामात दिसत होते. एका घळीजवळ काही माणसे घोळक्याने बसलेली दिसली. त्यांना गावकरीच समजण्यात आले. शत्रूचा मागमूस नाही असे पाहून एक कंपनी पुढे फेरी मारून धावपट्टीकडे परतली. दुपारी दोनच्या सुमारास दुसरीही परत निघाली. डी कंपनीने थोडा वेळ थांबून मग निघायचे असे ठरले होते.

ती दुसरी कंपनी दृष्टीआड होऊन फार वेळ झाला नव्हता. अडीचच्या सुमारास गावातील घरांतून गोळ्या येऊ लागल्या.

येथे सोमनाथांनी ब्रिगेडला बिनतारी संदेश पाठवला. गावातून गोळीबार होत आहे, परंतु उलट गोळीबार केला तर घरांतील निरपराध माणसे, बायका, मुले मरतील, म्हणून आपण हात आखडता घेत आहोत, असा त्याचा आशय होता. स्वतःच्या माणसांवर गोळ्या येत आहेत, हातात शस्त्र आहे, आणि शस्त्र चालवण्याचा पूर्ण अधिकारही आहे. अशा क्षणी एक चोवीस वर्षांचा सेनाधिकारी प्रथम विचार करतो तो समोरच्या भिंतीआड कोण आहे याचा.

सोमनाथ शर्मा जैन नव्हते. ते हिंदू ब्राह्मण कुटुंबातले होते आणि भगवद्गीता त्यांच्या खिशात असे. परंतु या एका संदेशामुळे त्यांची कथा जैन श्रावकाच्या घरात वेगळ्या लक्षाने वाचली जावी अशी आहे. आपल्या शास्त्रकारांनी हिंसेचे चार प्रकार मानले आहेत. मारण्याच्या इराद्याने केलेली ती संकल्पी. स्वयंपाक, झाडलोट अशा घरकामात घडते ती आरंभी. शेती, व्यापार, कारागिरी यांत घडते ती उद्योगी. आणि अन्यायाने चालून येणाऱ्यापासून स्वतःचे, कुटुंबाचे, देशाचे रक्षण करताना घडते ती विरोधी. गृहस्थाने पहिली सर्वस्वी सोडायची असते. उरलेल्या तिन्ही त्याच्याकडून सुटत नाहीत, म्हणून त्या शक्य तितक्या कमी करायच्या असतात. विरोधी हिंसेला शास्त्राने पुण्य कोठेच म्हटलेले नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण अलीकडे व्याख्यानांतून तिचे गोडवे गाण्याची सवय वाढत चालली आहे. ती अणुव्रती गृहस्थाला अपरिहार्य म्हणून सोसावी लागते, एवढेच. तत्त्वार्थसूत्रानेही हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावध आणि कषायग्रस्त मनाला, अग्रस्थान दिले आहे. घरांवर सरसकट गोळ्या झाडणारा आणि भिंतीआडच्या मुलांसाठी थबकणारा यांच्या हातातील बंदूक एकच असली तरी त्यांच्या मनात फार मोठे अंतर असते.

जैन आणि रणांगण या दोन शब्दांचा संबंध परका नाही, याचा पुरावा मराठी माणसाला श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या चरणांशीच मिळतो. तेथे मराठीच्या आद्य शिलालेखांत गणल्या जाणाऱ्या दोन लहान ओळी कोरलेल्या आहेत. एक ओळ मूर्ती घडवणाऱ्या चामुंडरायांविषयी आहे आणि दुसरी मूर्तीभोवतालचा प्राकार बांधणाऱ्या गंगराजांविषयी. चामुंडराय हे गंग राजांचे मंत्री आणि सेनापती, गंगराज हे होयसळ नृपती विष्णुवर्धनाचे सेनापती. दोघेही निष्ठावान जैन, दोघांनीही मोठमोठी युद्धे केली. विशेष हे की त्यांनी कीर्तीसाठी उभी केलेली मूर्ती आहे ती जिंकल्यावर राज्य सोडून तपाला उभ्या राहिलेल्या बाहुबलीची.

आणि त्याच १९४७ च्या ऑक्टोबरअखेरीस दिल्लीच्या प्रार्थनासभेत महात्मा गांधींनी काश्मीरविषयी जे सांगितले, तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या माणसाच्या अहिंसेवर मुंबईचे जवाहिरे श्रीमद् राजचंद्र यांची खोल छाप होती, तो माणूस त्या सभेत म्हणाला की, श्रीनगरला गेलेली ती लहानशी फौज थर्मोपिलीच्या खिंडीतील स्पार्टाच्या वीरांप्रमाणे रक्षण करता करता सारीच्या सारी पडली तरी आपण अश्रू ढाळणार नाही. गांधींनी हिंसेला मान्यता दिली असा त्याचा अर्थ लावणे चूक होईल. दुबळेपणापोटी पळून जाणे त्यांना हिंसेहूनही हीन वाटे, आणि हे ते पूर्वीपासून सांगत आले होते. हे शब्द उच्चारले गेले त्यानंतर आठवडाही लोटला नव्हता, तोच बडगामला ती वेळ आली.

गावातून होणारा गोळीबार हा केवळ डोळ्यांत धूळ टाकण्यासाठी होता. खरा हल्ला दुसरीकडून आला. घळीतून आणि आजूबाजूच्या खोलगट भागातून सुमारे पाचशे टोळीवाले एकदम वर आले. त्यांच्यापाशी उखळी तोफा होत्या, हलक्या मशीनगन होत्या. थोड्याच वेळात डी कंपनी तीन बाजूंनी वेढली गेली.

सोमनाथांपुढे तेव्हा दोन मार्ग होते. चौथी बाजू अजून मोकळी होती. लगबगीने माघार घेतली असती तर बरीच माणसे वाचली असती. पण चौथ्या बाजूला, त्यांच्या पाठीशी, धावपट्टी होती. मध्ये दुसरे सैन्य नव्हते. डी कंपनी जेवढा वेळ त्या शेतात उभी राहील तेवढाच वेळ ब्रिगेडला दुसरी फळी उभी करण्यास मिळणार होता. हा हिशोब सोमनाथांनी क्षणात केला असला पाहिजे, कारण त्यांचे पुढचे वर्तन त्याच हिशोबाचे आहे. ब्रिगेडला त्यांनी परिस्थिती कळवली आणि जागा धरून राहिले.

पायदळाच्या अधिकाऱ्याचे शौर्य म्हणजे काय, याविषयी घरबसल्या आपल्या कल्पना बहुधा चित्रपटांवरून घडलेल्या असतात. हातात बंदूक घेऊन शत्रूवर तुटून पडणारा नायक आपल्याला दिसतो. बडगामला सोमनाथांनी जे केले ते यापेक्षा पुष्कळ निराळे होते. त्यांची कंपनी लहान लहान तुकड्यांत विभागलेली, प्रत्येक तुकडी आपल्या खंदकात. मारा इतका की डोके वर काढणे कठीण. अशा वेळी प्रत्येक खंदकातील माणसाला वाटू लागते की आपण एकटे उरलो. ही भावना पसरली की फळी मोडते. सोमनाथ एका तुकडीकडून दुसरीकडे उघड्या जमिनीवरून धावत जात राहिले. शिपायांना धीर देत, गोळीबार कोणत्या दिशेने करायचा ते सांगत, काडतुसे जपून वापरायला लावत ते फिरले. मोडलेल्या हाताने जमिनीला चिकटून सरपटणेसुद्धा त्यांना सोपे नव्हते.

मदतीला हवाई दलाची विमाने आली. पण वरून पाहणाऱ्या वैमानिकाला आपले कोण आणि परके कोण हे त्या गर्दीत कळेना. दोन्ही फळ्या अगदी जवळ येऊन ठेपल्या होत्या. खुणेसाठी जमिनीवर लांब कापडी पट्ट्या अंथराव्या लागतात. त्या अंथरणाऱ्याला उभे राहावे लागते, शत्रूच्या डोळ्यांदेखत मोकळ्या जागेत यावे लागते. हे काम एखाद्या शिपायाला सांगता आले असते. सोमनाथांनी ते स्वतः केले, आणि एकदाच केले असे नाही.

माणसे पडत चालली. हलक्या मशीनगन चालवणाऱ्या शिपायांना मॅगझिन भरून देणारे हात कमी पडू लागले. मॅगझिन म्हणजे काडतुसे दाबून भरण्याची पेटी. ती रिकामी झाली की बंदूक मुकी होते, आणि भरायला वेळ लागतो. सोमनाथ दारूगोळ्याशेजारी बसले आणि मॅगझिन भरून मशीनगनवाल्यांना देऊ लागले. कंपनीचा प्रमुख हे काम करतो हे एरवी कोणी ऐकलेले नसते. ते कोठारातल्या मदतनिसाचे काम. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या हाताने काडतूस दाबायचे, आणि अधूनमधून बिनतारी यंत्रावर ब्रिगेडशी बोलायचे. ज्या माणसाला एका हाताने बंदूक धड पेलता येत नव्हती, त्याने इतरांच्या बंदुका चालू ठेवण्याचे काम पत्करले.

त्या यंत्रावरून गेलेला त्यांचा शेवटचा संदेश सैन्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. शत्रू अवघ्या पन्नास यार्डांवर आला आहे, त्याची संख्या आपल्याहून फार मोठी आहे, मारा भयंकर आहे, तरीही एक इंच मागे न सरता शेवटचा माणूस आणि शेवटची गोळी असेपर्यंत आपण लढू, असे त्यांनी कळवले. त्यानंतर थोड्याच वेळात एक तोफगोळा त्यांच्या शेजारच्या दारूगोळ्यावर येऊन पडला. स्फोट झाला आणि मेजर शर्मा तेथेच गेले.

प्रमुख पडला की कंपनी पांगते, हा युद्धातला नेहमीचा अनुभव. डी कंपनी पांगली नाही. उरलेले शिपाई जागा धरून लढत राहिले आणि सर्व बाजूंनी जवळजवळ वेढले गेल्यावरच मागे सरले. मेजर शर्मा धरून बावीस जण त्या शेतात कामी आले. ते शिपाई होते कुमाऊँच्या डोंगरातील खेड्यापाड्यांतले. त्यांची नावे श्रीनगरच्या लोकांना तेव्हा माहीत नव्हती आणि आजही फारशी कोणाला माहीत नाहीत. सन्मानपत्र एका नावाचे निघते, पण मॅगझिन भरून देणाऱ्याला ती घेऊन गोळ्या झाडणारे हात लागतात, हे विसरता येत नाही.

डी कंपनीने शत्रूला सहा तास रोखून धरले. तेवढ्या वेळात धावपट्टीच्या वाटेवर हुमहामा येथे कुमक जाऊन पोहोचली आणि तिने फळी बांधली. टोळीवाल्यांची लाट तेथे थांबली. श्रीनगरच्या पट्टीवर विमाने उतरत राहिली, रोज आणखी शिपाई, आणखी दारूगोळा, आणि काही चिलखती गाड्या बनिहाल ओलांडून रस्त्यानेही आल्या. ७ नोव्हेंबरला शालटेंग येथे ब्रिगेडियर सेन यांच्या सैन्याने टोळीवाल्यांचा निर्णायक पराभव केला आणि दुसऱ्या दिवशी बारामुल्ला परत घेतले. चार दिवसांनी दिवाळी होती. आपल्या घरोघरी त्या पहाटे भगवान महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढवला गेला, त्या वेळी श्रीनगरचा धोका टळलेला होता.

बडगामची जागा पुन्हा हाती आली ती लढाईनंतर तीन दिवसांनी. स्फोटामुळे मेजर शर्मा यांचा चेहरा ओळखण्याच्या पलीकडे गेला होता. पिस्तुलाच्या कातडी म्यानावरून आणि छातीच्या खिशातील गीतेच्या पानांवरून त्यांची ओळख पटवण्यात आली.

स्वतंत्र भारतापाशी त्या वेळी स्वतःचे शौर्यपदक नव्हते. इंग्रजांचा व्हिक्टोरिया क्रॉस देण्याचा प्रश्नच नव्हता. नवे पदक घडवण्याचे काम मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे होते, आणि त्याचा आराखडा करण्यासाठी त्यांनी निवड केली ती सावित्रीबाई खानोलकर यांची. या बाई जन्माने स्वित्झर्लंडच्या. वडील हंगेरियन, आई रशियन, माहेरचे नाव ईव्ह. मराठी सेनाधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी १९३२ मध्ये विवाह करून त्या हिंदुस्थानच्याच झाल्या. मराठी, हिंदी, संस्कृत शिकल्या. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. पदकासाठी त्यांनी निवडले इंद्राचे वज्र, जे दधीची ऋषींनी स्वतःच्या अस्थी देऊन घडवू दिले अशी पुराणकथा आहे. काशाच्या लहान गोल चकतीवर मध्ये राजमुद्रा, भोवती चार वज्रे, आणि जांभळी फीत. दिसायला ते पदक अगदी साधे आहे. सोने नाही, रत्न नाही. तोलून पाहिले तर बाजारात त्याची किंमत फारशी येणार नाही.

२६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवशी, परमवीरचक्र अस्तित्वात आले आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानण्यात आले. पहिला मान मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाला. सावित्रीबाईंनी पदकाची रेषा काढली तेव्हा ते प्रथम कोणाला मिळणार हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. ज्या तरुणाला ते मिळाले, त्याचा धाकटा भाऊ त्यांचा जावई होता.